गुलाबी अळीचा मुक्काम

हिरवं बोंड नुसतं पाहून काहीच कळत नाही. टणक, चकचकीत, देठापाशी घट्ट. ऑक्टोबर सरत आला होता. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शिवारात पन्नाशीच्या शेतकऱ्याने धुऱ्यावर उभं राहून असं एक बोंड विळ्याने चिरलं आणि माझ्यासमोर धरलं. चार कप्प्यांपैकी दोन पांढरेशुभ्र, ओलसर. तिसऱ्यातला कापूस पिवळट, कुजत आलेला. चौथ्यात सरकीला बिलगून एक आखूड अळी होती. डोकं तपकिरी, अंगावर गुलाबी पट्टे. उजेड पडताच ती पोखरलेल्या सरकीत मागे सरकली.

"वरून पाह्यलं तं बोंड कसं टनटनीत दिसते," तो म्हणाला. "आता तुमीच सांगा भाऊ, फवारा कुठं मारू?"

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी 'टिकून राहणं' हा विषय दिला होता. बाकीचे लेखक माणसांविषयी लिहितीलच. मी विदर्भात गेलो ते या अळीसाठी. तिला मारण्यासाठी जगातलं एक अव्वल दर्जाचं तंत्रज्ञान झाडाच्या पेशीपेशीत भरलं गेलं आणि ती त्यातूनही टिकली. हे कसं झालं याचं उत्तर प्रयोगशाळेत अर्धंच मिळतं. उरलेलं अर्धं कृषी केंद्राच्या काउंटरवर, जिनिंगच्या आवारात आणि जानेवारीत पाणी देऊन हिरव्या ठेवलेल्या पऱ्हाटीत सापडतं.

आत शिरली की संपलं

गुलाबी बोंडअळीला आपल्याकडे शेंदरी बोंडअळी असंही म्हणतात. शास्त्रात तिची पहिली नोंद १८४३ सालची आहे. विल्यम साँडर्सने तिचं वर्णन केलं ते भडोचच्या कापसातून आलेल्या नमुन्यांवरून. म्हणजे ही कुठून परदेशातून आलेली पाहुणी नाही, घरचीच आहे.

तिचा पतंग इवलासा, मातकट, रात्री उडणारा. मादी पात्यांवर, फुलांवर, कोवळ्या बोंडांवर अंडी घालते. चार-पाच दिवसांत अळी बाहेर पडते आणि लगेच आत शिरायच्या मागे लागते. फुलात शिरली तर डोमकळी होते: पाकळ्या उमलतच नाहीत, आतून धाग्यांनी गुंडाळलेल्या राहतात. डोमकळी दिसली की जाणता शेतकरी ती जागच्या जागी तोडून चुरगाळतो. बोंडात शिरली तर मात्र खूण उरत नाही. बोंड वाढत राहतं आणि शिरताना पडलेलं बारीक छिद्र बुजून जातं. पुढचे दोन-तीन आठवडे अळी आत सुखाने सरकी खाते. अंड्यातून निघून आत शिरेपर्यंतचा तेवढा काळच ती औषधाच्या टप्प्यात असते. त्या शेतकऱ्याचा प्रश्न म्हणूनच बिनतोड होता.

अमेरिकन बोंडअळीचं तसं नव्हतं. ती मोठी, खादाड. या बोंडातून त्या बोंडात जाणारी, भलंमोठं भोक पाडून बाहेर विष्ठा टाकणारी. नव्वदच्या दशकात कापूसवाल्यांची झोप उडवली ती तिने, आणि बीटी आलं तेही मुख्यतः तिच्यासाठी. पण तिला कापूस लागतोच असं नाही. तूर, हरभरा, टोमॅटो, काहीही चालतं. गुलाबीचं जवळजवळ सगळं आयुष्य कापसावर जातं. पुढे जे घडलं ते या फरकामुळे.

झाडाच्या अंगी आलेलं विष

बॅसिलस थुरिंजिएन्सिस, म्हणजेच बीटी, हा मातीतला जिवाणू. जपानमध्ये १९०१ साली इशिवाता यांना तो आजारी रेशीमकिड्यांत सापडला, १९११ मध्ये जर्मनीच्या थुरिंगियात तो बर्लिनर यांना पुन्हा सापडला आणि थुरिंगियावरून त्याला नाव मिळालं. या जिवाणूत प्रथिनाचे स्फटिक असतात. अळीच्या आतड्यात ते विरघळतात, तिथल्या पेशींवरच्या ठरावीक ग्राहक रेणूंना चिकटतात आणि आतड्याला छिद्रं पाडतात. किल्ली त्याच कुलपाला बसावी तसं हे आहे. आपल्या आतड्यात ते कुलूपच नाही, म्हणून माणसाला काही होत नाही. हे प्रथिन बनवणारं जनुक कपाशीत घातलं की फवाऱ्याची वाट न पाहता झाड स्वतःच अळी मारतं.

भारतात परवानगी मिळाली २६ मार्च २००२ ला, जालन्याच्या महिकोच्या तीन संकरित वाणांना. त्याआधीच, २००१ मध्ये, गुजरातेत नवभारत १५१ नावाचं बिनपरवाना बीटी शेतात उभं असलेलं सापडलं होतं. सरकारच्या आधी बियाणं शेतात पोचण्याची आपली परंपरा तिथून सुरू होते. पहिल्या वाणांत क्राय-१-एसी हे एकच जनुक होतं; त्या बियाण्याचं नाव बोलगार्ड-१. २००६ मध्ये क्राय-२-एबी जोडलेलं बोलगार्ड-२ आलं. दोन किल्ल्या असल्या की कीड एकदम दोन्ही कुलपं बदलू शकणार नाही, असा हिशेब होता.

सुरुवातीची वर्षं खरंच चांगली गेली. त्या काळाबद्दल विचारलं की आजही लोकांच्या चेहऱ्यावर जरा उजेड येतो. अळीवरचे फवारे थांबले, उत्पन्न वाढलं, घरावर स्लॅब पडले. त्या उत्पन्नात चांगल्या पावसाचा, खतांचा, वाढलेल्या सिंचनाचा वाटा किती आणि जनुकाचा किती, यावर अभ्यासक अजून भांडतात. शेतकऱ्याच्या लेखी पाकीट बदललं आणि अळी गेली, एवढंच खरं होतं. काही वर्षांतच देशातल्या नव्वद टक्क्यांहून जास्त कपाशीवर बीटी पसरलं.

पण मार्च २०१० मध्ये, ज्या कंपनीचं हे जनुक त्या मोन्सॅन्टोनेच जाहीर केलं की अमरेली, भावनगर, जुनागढ आणि राजकोट या जिल्ह्यांत गुलाबी अळी क्राय-१-एसीला दाद देत नाही. कंपनीचा सल्ला होता, बोलगार्ड-२ वापरा. लोकांनी वापरलं. २०१४-१५ च्या सुमारास गुजरातेत ती बोलगार्ड-२ च्या बोंडांतही जिवंत निघू लागली. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे तेव्हाचे संचालक केशव क्रांती हे ओरडून सांगत होते. पुढे याच संस्थेच्या चिन्ना बाबू नाईक आणि सहकाऱ्यांनी दोन्ही प्रथिनांना पुरून उरणाऱ्या अळ्यांची शास्त्रीय नोंद केली. तोवर त्या विदर्भ-मराठवाड्यात पोचल्या होत्या.

पाकिटातलं छोटं पाकीट

कीड विषाला सरावते म्हणजे एखादी अळी हळूहळू सवय करून घेते, असा बऱ्याच जणांचा समज आहे. तसं होत नाही. लाखोंत एखाद्या अळीत ग्राहक रेणूचा साचा जन्मतःच बिघडलेला असतो, म्हणून प्रथिन तिला चिकटत नाही. बाकीच्या मरतात, ही उरते. नशिबाने हा गुण बहुधा दबलेला असतो. आई आणि बाप दोघांकडून आला तरच पिल्लू वाचतं, एकाकडूनच आला तर ते बीटीवर मरतं.

म्हणून नियम केला गेला: बीटीच्या भोवती साध्या कपाशीच्या पाच ओळी, किंवा एकूण क्षेत्राच्या वीस टक्के. त्या ओळींत साध्या अळ्या वाढू द्यायच्या. बीटीतून वाचलेल्या तुरळक पतंगांना जोडीदार मिळावेत ते या साध्यांमधून, म्हणजे त्यांची पिल्लं बीटीवर पुन्हा मरतील. कागदावर हे इतकं चपखल आहे की वाचताना आनंद होतो.

आता कृषी केंद्रात या. ४५० ग्रॅमच्या बीटी पाकिटाबरोबर १२० ग्रॅमचं नॉन-बीटीचं छोटं पाकीट यायचं. लोक त्याला 'रेफ्युजी' म्हणायचे. त्याचं काय करायचात, असं एका दुकानदाराला विचारलं. तो हसला. "गिऱ्हाईक इथंच ठेवून जायचं. एखादा घरी नेऊन ढोरांना चारायचा."

शेतकऱ्याच्या बाजूने पाहा. पाच एकर कोरडवाहू रान, त्यात किडीसाठी पाच ओळी राखायच्या, त्यांची डवरणी करायची, खत टाकायचं आणि त्या पोखरून निघताना पाहायच्या. फायदा कुणाचा? दहा वर्षांनंतरच्या सगळ्या गावाचा. नुकसान आज, माझ्या एकट्याचं. त्यात कुणाच्या पाकिटातलं बी धड उगवायचं नाही, कुणाचं फुलोऱ्यावर यायचं ते बीटीच्या फुलोऱ्याशी मेळ न खाता. 'शेतकऱ्यांनी रेफ्युजी लावली नाही' हे वाक्य बियाण्याच्या धंद्यातल्या माणसांकडून मी इतक्यांदा ऐकलं की त्याचा कंटाळा आला. लावली नाही हे खरंच. पण ज्या नियमात प्रत्येकाचं हित तो मोडण्यात आहे, तो नियम करणाऱ्याने दुसऱ्याकडे बोट दाखवू नये. आता ४७५ ग्रॅमच्या एकाच पाकिटात थोडं साधं बी मिसळूनच देतात. हे शहाणपण अळी जिंकल्यावर सुचलं.

अमेरिकन बोंडअळीला मात्र रेफ्युजीची गरज पडली नाही. आपल्या शिवारातली तूर आणि हरभरा हीच तिची रेफ्युजी होती. त्यामुळे ती बीटीला बऱ्याच अंशी अजून दबते. कपाशीत तुरीचं तास टाकायची जुनी वऱ्हाडी रीत कुणी या हेतूने पाडली नव्हती, पण कामी आली. गुलाबीला तुरीशी काही देणंघेणं नाही.

एकाच बोंडात चार तऱ्हेच्या सरक्या

हा भाग थोडा किचकट आहे, पण माझ्या मते सगळ्या गोष्टीचा कणा इथेच आहे. अमेरिका, ऑस्ट्रेलिया इथे कपाशीची सरळ वाणं लावतात. बी साठवून पेरलं तरी तसंच उगवतं. भारतात १९७० साली सुरतेला डॉ. सी. टी. पटेल यांनी संकर-४ आणला आणि आपण संकरित कपाशीच्या वाटेला लागलो. संकरित बी दरवर्षी विकत घ्यावं लागतं. बियाणं कंपन्यांना हे सोयीचं, त्यामुळे बीटी जनुकही आपल्याकडे संकरित वाणांतूनच आलं.

बहुतेक संकरित झाडांत बीटीची जनुकं एकाच पालकाकडून आलेली असतात. झाडाच्या पानात, देठात, बोंडाच्या सालीत दोन्ही प्रथिनं असतात, पण बोंडातली सरकी ही पुढची पिढी. तिथे जनुकांची वाटणी पुन्हा होते. शाळेत मेंडेलच्या वाटाण्यांचा ९:३:३:१ शिकलो होतो, तोच हिशेब. सोळा सरक्यांपैकी नऊमध्ये दोन्ही प्रथिनं, तिघींत एकच पहिलं, तिघींत एकच दुसरं आणि एक सरकी पूर्ण बिनविषारी. एका बोंडात साधारण पंचवीस-तीस सरक्या धरल्या तर एक-दोन तरी अशा निघतातच.

बीटीची सगळी भिस्त मात्रा जबर असण्यावर होती, म्हणजे एकाच पालकाकडून दबलेला गुण आलेली अळीही मेली पाहिजे. सरळ वाणात ते साधतं. आपल्या बोंडात अळीच्या ताटात कधी पूर्ण विष, कधी अर्धं, कधी काहीच नाही. अर्धवट गुणाच्या अळ्या वाचल्या, एकमेकींत मिसळल्या आणि पुढच्या पिढीत पक्क्या झाल्या. क्रांतींनी हे वारंवार मांडलं आहे. त्यावर मतभेद आहेत, पण बीटी लावणाऱ्या मोठ्या देशांत गुलाबी अळीने दोन्ही प्रथिनांना शेतात हरवलं ते भारतात, आणि बीटी कपाशी सरसकट संकरित रूपात लावणाराही भारतच. हा योगायोग आहे असं मला वाटत नाही.

सरळ वाणाचा एक प्रयत्न झाला होता. सरकारी संस्थांनी बनवलेलं बिकानेरी नरमा बीटी २००८ मध्ये मंजूर झालं. शेतकरी त्याचं बी घरी ठेवू शकला असता. पण त्यात मोन्सॅन्टोच्या जनुकाची भेसळ निघाली, ते मागे घ्यावं लागलं आणि चौकशी समिती बसली. त्या धक्क्यात सरळ वाणांचं काम कित्येक वर्षं मागे पडलं.

फरदड

आपली संकरित कपाशी लांब मुदतीची, १८० दिवस आणि वर. पहिल्या वेचण्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात होतात. डिसेंबरात पीक काढून टाकावं असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो. पण विहिरीला पाणी असलेला शेतकरी एक-दोन पाणी देतो, पऱ्हाटीला पुन्हा पालवी आणि पाती येतात, आणि मार्चपर्यंत आणखी काही क्विंटल कापूस घरात येतो. हीच फरदड. बियाण्याचा खर्च नाही, मशागत नाही. २०२४-२५ मध्ये लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. त्या हिशेबाने तीन क्विंटल फरदड म्हणजे पोराच्या शाळेची फी. हा मोह कुणाला चुकेल?

गुलाबी अळीला यापेक्षा काही नको असतं. उन्हाळ्यात खायला नसलं तर ती सरकीत किंवा मातीत सुप्त पडून राहते आणि पावसाळ्यात उठते. फरदड असली की सुप्त व्हायची गरजच उरत नाही. पिढ्यांमागून पिढ्या चालूच. त्यात कुणी मे महिन्यात ठिबकवर लवकर लागवड केली तर मार्च ते जून हा एकमेव खंडही बुजतो. एक जूनच्या आधी कपाशीचं बियाणं शेतकऱ्याला विकू नये, असा निर्बंध महाराष्ट्रात आला तो याचसाठी.

दुसरा मुक्काम जिनिंगमध्ये. एका आवारात कापसाच्या गंजीजवळ उभा होतो. जमिनीवर गुलाबी ठिपके सरकताना दिसले. चिमण्या ते टिपत होत्या. हमालाने पायाने थोडी सरकी उकरली. दोन सरक्या एकमेकींना चिकटलेल्या, मधे अळी. "रोजचंच हाय," तो म्हणाला. भिंतीवर कामगंध सापळे टांगलेले होते. त्यांतल्या, नर पतंगांना ओढणाऱ्या मादीच्या गंधाच्या गोळ्या कधी बदलल्या, हे तिथे कुणालाच सांगता आलं नाही. जिनिंगभोवतीच्या शेतांत अळी आधी लागते, असं शेतकरी सांगतात.

वेचणाऱ्या बायकांना हे सगळं बोटांनी कळतं. चांगलं बोंड फुललं की कापूस एका ओढीत हातात येतो. किडलेलं अर्धवट उघडतं, कवडी होते, कापूस सालीला चिकटून बसतो. "किलोचा भाव तोच, अन् टाइम दुप्पट," एक ताई म्हणाल्या. त्यांच्या बोटांच्या पेरांना बोंडाच्या काट्यांचे ओरखडे होते. कवडी कापसाला व्यापारी कमी भाव देतो. सरकी खाल्लेली असल्याने वजनही भरत नाही.

२०१७

ते वर्ष यवतमाळमध्ये कुणालाही विसरता येत नाही. पऱ्हाटी डोक्याच्या वर गेलेली, दमट उकाडा, तुडतुडे आणि पांढरी माशी, त्यात बोंडअळीची धास्ती. लोकांनी दोन-तीन औषधं एकत्र करून फवारली. उंच झाडांवर फवारा मारताना तो अंगावर आणि तोंडावर उलटत होता. यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेने दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. कित्येकांची नजर काही दिवस गेली. शासनाने विशेष तपास पथक नेमलं. मेलेल्यांत रोजाने फवारणी करणारे मजूर होते. ज्याचं शेत नाही, बियाणं निवडण्यात ज्याचा हात नाही, त्याच्या जिवावर बेतलं.

त्याच हिवाळ्यात बोंडअळीने शेतंच्या शेतं पोखरली. डिसेंबरात नागपूर अधिवेशनात कोरडवाहूला हेक्टरी ३०,८०० रुपयांची मदत जाहीर झाली. फोड करून पाहिली तर ६,८०० आपत्ती निधीतून, ८,००० विम्यातून आणि तब्बल १६,००० बियाणं कंपन्यांकडून मिळायचे होते. त्यासाठी 'जी फॉर्म' भरायचा, सोबत बियाण्याची पावती आणि पाकिटाचा टॅग जोडायचा. जूनमधला टॅग डिसेंबरात कुणाच्या घरी सापडतो? कंपन्यांनी जबाबदारी नाकारली. जनुक काम करतंय, कीड बदलली, असं त्यांचं म्हणणं. प्रकरण सुनावण्यांत अडकलं.

बीटी येण्याआधी होता त्यापेक्षा कपाशीवरच्या कीटकनाशकांचा खर्च जास्त झाला आहे, असं क्रांती आणि अभ्यासक ग्लेन स्टोन यांनी २०२० मध्ये दाखवून दिलं.

अळी हरते कुठे

अमेरिकेत ही अळी १९१७ मध्ये टेक्ससमध्ये सापडली आणि २०१८ मध्ये सरकारने तिचं उच्चाटन झाल्याचं जाहीर केलं. ॲरिझोनात बीटी होतंच, पण रेफ्युजी पाळली गेली, पऱ्हाट्या मुदतीत गाडल्या गेल्या आणि विमानातून अब्जावधी वांझ पतंग सोडले गेले. शेतकऱ्यांनी स्वतः वर्गणी भरली. तिथले मळे शेकडो एकरांचे, शेतकरी मोजके. एका बैठकीत निर्णय होऊ शकतो. महाराष्ट्रात चाळीस लाख हेक्टरांच्या आसपास कपाशी आहे, बहुतेक कोरडवाहू आणि तुकड्यातुकड्यांत वाटलेली.

म्हणून मला चीनचं उदाहरण जास्त लागू वाटतं. यांगत्से नदीच्या खोऱ्यात शेतकऱ्यांनी संकरित बीटीचं दुसऱ्या पिढीचं बी लावायला सुरुवात केली, कारण ते स्वस्त. त्या बियातून पावभाग झाडं पूर्ण साधी उगवतात. कुणी नियम न लावता रेफ्युजी तयार झाली आणि अळीतला प्रतिकार उतरू लागला. आपल्या बोंडातही वाटणी तशीच होते, पण तिथे मिश्रण झाडाझाडांत होतं. साध्या झाडावर वाढलेली अळी पूर्ण साधी राहते आणि बीटी झाडावरची बहुतेक मरते. आपल्याकडे बीटी झाडाच्या बोंडाबोंडात ढिली मात्रा आणि साधं झाड कुठेच नाही. तिथे जे काम शेतकऱ्याच्या काटकसरीने केलं, ते आपल्याकडे सरकारी परिपत्रकाला जमलं नाही.

उपाय नाहीत असं नाही. एकरी दोन कामगंध सापळे लावायचे. सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग आले, किंवा वीस हिरवी बोंडं चिरून दोन किडलेली निघाली, तर फवारा. मादीच्या गंधाच्या दोऱ्या झाडांना बांधून नरांना भुलवण्याची पद्धत चांगली आहे. सगळ्या गावाने बांधल्या तर उपयोग, एकट्याने बांधून नाही. पण खरा उपाय पीक दीडशे दिवसांत आटपणं हा आहे. गुलाबी अळीचा जोर ऑक्टोबरनंतर वाढतो. तोवर बोंडं पक्की झाली तर तिला उशीर होतो. कमी दिवसांचं वाण, जवळजवळ लागवड, गळफांद्या काढणं, डिसेंबरात रान मोकळं. नागपूरच्या संस्थेने बीटीची सरळ, कमी दिवसांची वाणं काढली आहेत, पण दुकानाच्या फळीवर ती क्वचितच दिसतात. त्यांत विक्रेत्याला फारशी कमाई नाही.

बोलगार्ड-२ ची जागा घेईल असं नवं बियाणं अधिकृतपणे बाजारात आलेलं नाही. २०१६ मध्ये तणनाशक सहन करणाऱ्या पुढच्या वाणाचा अर्ज महिकोने मागे घेतला. त्याच गुणाचं बिनपरवाना 'चोर बीटी' मात्र गावोगावी मिळतं, आणि २०१९ च्या जूनमध्ये अकोली जहांगीर या गावात शेतकऱ्यांनी ते जाहीरपणे पेरलंही. त्याने निंदणीचा खर्च वाचेल. गुलाबी अळीला त्याचा काही त्रास नाही.

हा अंक हातात पडेल तेव्हा वेचणी सुरू असेल. ज्यांच्या घरी कपाशी आहे त्यांनी डिसेंबरात पाणी तोडावं, पऱ्हाट्या सरपणासाठी धुऱ्यावर रचून ठेवू नयेत आणि शेजाऱ्यालाही ठेवू देऊ नयेत. पुढच्या जूनमध्ये बियाणं घेताना एकरी किती क्विंटल होईल ते नंतर विचारा, किती दिवसांत निघेल ते आधी विचारा. दुकानदाराने १८० सांगितलं, तर दुसरं पाकीट मागा.